काठ बोडका केला की तळं स्वच्छ राहतं?

तळ्याकाठच्या पायवाटेलगतचे लव्हाळे, पाणकणीस अशा उंच पाणवनस्पती कापल्या की पाणी स्वच्छ राहतं आणि डास हटतात, हा समज जुना आहे. तो चुकीचा आहे. या वनस्पतींची मुळं माती धरून ठेवतात, लाटांचा मार सोसतात. पावसाच्या पाण्याबरोबर येणारा गाळ, नायट्रोजन आणि फॉस्फरस बराचसा तिथेच अडतो. काठ उघडा पडला की हे सगळं थेट तळ्यात जातं आणि त्या खतावर शेवाळ माजतं. डासांच्या अळ्या खाणारी चतुरांची पिल्लंही याच देठांच्या आडोशाला वाढतात.

वाटेवर झुकलेलं गवत जरूर छाटावं, पण पक्ष्यांच्या विणीचा हंगाम टाळून, आणि छाटलेलं पाण्यात कुजू देऊ नये. जलपर्णी मात्र काढावीच. ती काठाची राखण करत नाही, पाण्याचा प्राणवायू कमी करते.