खऱ्या नावाची सक्ती (समाजमाध्यमे)

समाजमाध्यमावर खाते उघडणाऱ्याने आपले ‘खरे’ नावच लावावे आणि कोणी शंका घेतली तर ते ओळखपत्र दाखवून सिद्ध करावे, असा कंपनीचा नियम. फेसबुकमुळे तो जगभर पोहोचला. इन्स्टाग्रामवर टोपणनाव चालते. खोटी खाती, शिवीगाळ आणि फसवणूक रोखणे हा नियमामागचा हेतू आहे. पण ज्यांचे कागदावरचे नाव एक आणि जगण्यातले दुसरे, त्यांना तो सर्वांत जास्त जाचतो: पारलिंगी व्यक्ती (जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा ज्यांची ओळख वेगळी असते अशा), मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायका, घरच्यांच्या धाकाने लपून राहणारी जोडपी.

फेसबुकच्या नियमात ‘रोजच्या व्यवहारात लोक ज्या नावाने ओळखतात ते नाव’ असे शब्द आहेत. ते वाचायला बरे वाटतात. अडचण तक्रार आल्यावर सुरू होते. ज्याला छळायचे आहे त्याने प्रोफाइल उघडायची, तीन टिंबांवर बोट ठेवायचे आणि नाव खोटे असल्याचे कळवायचे. तक्रार मान्य झाली की खाते बंद पडते आणि ओळखपत्राचा फोटो मागितला जातो. पारलिंगी बाईच्या ओळखपत्रावर जन्माच्या वेळचे, पुरुषाचे नाव असेल आणि चालू नावाचा दुसरा कुठलाच कागद नसेल, तर पुढे दोनच वाटा उरतात. खाते सोडून द्यायचे, नाहीतर त्या टाकून दिलेल्या नावाने परत यायचे. परत आले की ते नाव मालकाला दिसते, गल्लीतल्या पोरांना दिसते, ज्यांना काहीच ठाऊक नव्हते त्या नातेवाइकांनाही दिसते. फेसबुकवर एकदा बदललेले नाव साठ दिवस पुन्हा बदलता येत नाही, म्हणून चुकीचे नाव चिकटले की निदान तेवढे दिवस तरी चिकटलेच.

फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने अमेरिकेत लिंगओळखीचे पन्नासहून अधिक पर्याय खुले केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या अनेक ड्रॅग कलाकारांची (दुसऱ्या लिंगाचा वेश करून रंगमंचावर येणाऱ्यांची) खाती रंगमंचावरच्या नावांमुळे बंद झाली. निदर्शनांची तयारी झाल्यावर १ ऑक्टोबर २०१४ रोजी कंपनीचे अधिकारी क्रिस कॉक्स यांनी माफी मागितली. डिसेंबर २०१५ मध्ये तक्रार करणाऱ्याने कारण द्यावे आणि खातेदाराला आपली विशेष परिस्थिती सांगता यावी, अशी सुधारणा झाली, पण मूळ नियम तसाच राहिला. गूगल प्लस या गूगलच्या तेव्हाच्या समाजमाध्यमाने २०११ मध्ये लावलेली नावाची अट २०१४ मध्ये काढून टाकली. दक्षिण कोरियात तर ओळख पडताळणीचा कायदाच होता. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या कंपनीकडून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली आणि २०१२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केला.

कोल्हापूरकडे पाहिले की ‘खरे नाव’ या कल्पनेतला दोष सहज दिसतो. इकडे माणसाचे नाव आयुष्यात बदलते, आणि ते चारचौघांत बदलते. लग्नात ताम्हनातल्या तांदळांवर अंगठीने नवरीचे नवे नाव लिहितात, पेढा वाटतात, आणि त्या दिवसापासून सासर तिला त्याच नावाने हाक मारते. त्यासाठी कोणी तिच्याकडे पुरावा मागत नाही. यल्लमा देवीला सोडलेला जोगता लुगडे नेसतो, डोक्यावर ‘जग’ (टोपलीत बसवलेली देवी) घेतो, आणि भक्त त्याच्यापुढे वाकतात. सौंदत्तीची यात्रा करून परतलेले जग कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेला (यल्लमाचेच दुसरे नाव) येतात आणि तिथे आंबील यात्रा भरते. सगळेच जोगते स्वतःला पारलिंगी म्हणवत नाहीत, हेही इथे सांगितले पाहिजे. पण जन्मावेळच्या ओळखीपलीकडे एखाद्याला वेगळी ओळख असू शकते, ही गोष्ट या गावाला मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

मराठी नावाची घडणही महत्त्वाची आहे. स्वतःचे नाव, मग बापाचे किंवा नवऱ्याचे, मग आडनाव. पहिल्यावरून लिंग कळते, मधल्यावरून कुणाची कोण ते कळते, आडनावावरून बहुधा जात कळते आणि ‘-कर’ असेल तर थेट गावही कळते. नवऱ्यापासून लपून राहणाऱ्या बाईला पूर्ण नाव लावायला सांगणे म्हणजे तिचा माग काढायला मदत करणे होय. तिने मुलीच्या नावाने किंवा नुसत्या फुलाच्या नावाने खाते चालवले, तर त्यात फसवणूक कसली?

भारतात १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा आणि २०२० चे नियम आल्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र मिळण्याची सोय झाली. अर्जासाठी राष्ट्रीय पोर्टलही उघडले. पण प्रमाणपत्र हाती आले की धावपळ संपत नाही. आधार, पॅन, बँकेचे पासबुक, रेशनकार्ड, दहावीचे प्रमाणपत्र, प्रत्येकाची खिडकी वेगळी. आधी राजपत्र आणा, मग आधार बदलून आणा, असे हेलपाटे सुरू होतात. कागद जुळेपर्यंत महिने जातात आणि तेवढ्या काळात आलेली एक तक्रार खाते घालवायला पुरते. ज्यांनी घर सोडले आहे त्यांची गुरुबहिणींशी गाठ, कार्यक्रमाची सुपारी, रात्री-अपरात्री मदतीची हाक, सगळे त्या खात्यावरच असते.

भारतात हा नियम कंपन्यांचा आहे, सरकारचा नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार पन्नास लाखांहून अधिक भारतीय वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांनी खाते पडताळण्याची सोय द्यायची आहे, पण ती ऐच्छिक. पडताळणीसाठी चालू मोबाइल क्रमांकही पुरतो.