डेंटिस्टची मान का धरते, थोडं मागे जाऊन

चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ कुठेही जा, चार डेंटिस्ट जमले की मान नाहीतर कंबर हा विषय निघतोच. दुखणं जुनंच आहे, फक्त त्याची जागा बदलत गेली. वाकड्यातिकड्या स्थितीत काम केल्याने कारागीर आजारी पडतात हे इटलीच्या रामाझिनी या डॉक्टरने १७०० सालीच लिहून ठेवलंय.

पूर्वी डेंटिस्ट उभ्यानेच काम करायचे. १८७१ मध्ये मॉरिसन या अमेरिकन डेंटिस्टने पायाने चालवायच्या ड्रिलचं पेटंट घेतलं, शिलाई मशीनसारखं पॅडल, म्हणजे एक पाय त्यावर आणि सगळा भार दुसऱ्या पायावर, शिवाय पेशंटच्या तोंडात वाकायचं ते वेगळंच. मग १९५७ ला बोर्डेनचं एअरोटर, म्हणजे हवेच्या दाबावर फिरणारं ड्रिल आलं, मिनिटाला तीन लाखांच्या आसपास फेरे, आणि पुढच्याच वर्षी नॉटनची पूर्ण आडवी होणारी खुर्ची. पेशंट झोपला, डॉक्टर बसला. पाय सुटले खरे, पण आता मान पुढे, खांदा वर आणि तसंच अर्धा तास न हलता. स्नायू सतत आखडलेला राहिला की त्याला रक्त कमी पडतं, दुखायला जड उचलावं लागत नाही.

यावरचा उपाय पण तेव्हाच निघाला, फोर-हँडेड डेंटिस्ट्री, म्हणजे समोर बसलेली असिस्टंट सक्शन, म्हणजे थुंकी-पाणी ओढून घेणारी नळी धरणार, हत्यारं हातात देणार. जपानमध्ये डॅरिल बीच या अमेरिकन डेंटिस्टने तर आधी डॉक्टरच्या शरीराची सहज बैठक ठरवली आणि मग त्याभोवती खुर्ची आणि हत्यारं मांडली.

आपल्याकडे खुर्ची आली, ही मांडणी मात्र राहिली. बाजारपेठेतला छोटा गाळा, खुर्ची भिंतीला टेकलेली, असिस्टंटने बसायचं कुठे? त्यात गणपतीला, शिमग्याला चाकरमानी येतात ते चार दिवसांत सगळं उरकून द्या म्हणतात, मग मधे उठून मान मोकळी करायला पण वेळ नाही. गावातल्या शाळेत शिबिर असलं की तर बघायलाच नको, प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसलेले आजोबा, मिश्रीने काळे झालेले दात, आणि टॉर्च घेऊन वाकलेला डॉक्टर, म्हणजे परत १८७१ च्याही मागे.

हल्ली लूप्स, म्हणजे चष्म्यावर बसवलेली भिंगं घेतात बरेचजण, चांगलं आहे, पण त्याचा खाली बघायचा कोन आपल्या बैठकीप्रमाणे मापून घेतलेला नसेल तर मान उलट जास्तच वाकते, आणि स्वस्तात मिळतंय म्हणून ऑनलाइन मागवलेल्यात हे माप कोणी घेत नाही.