लग्नाची सीडी अडते कुठे: डिस्क प्लेअरची मानकं आणि मुदती

विदर्भात तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओबाहेर हल्ली एक पाटी दिसते: जुन्या सीडी, डीव्हीडी, कॅसेट पेन ड्राइव्हवर करून मिळतील. गिऱ्हाईक थैलीतून लग्नाची, भजनाची, दुर्गोत्सवातल्या नाटकाची सीडी काढतं. गाऱ्हाणं ठरलेलं असतं. चकती नव्यासारखी आहे पण लागत नाही, नाहीतर प्लेअरच मेला आणि बाजारात नवा मिळत नाही. यामागे तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास आहे. कंपन्यांनी ज्या मुदतींवरून सर्वाधिक धुरळा उडवला, त्या इथल्या खेड्यांपर्यंत पोचल्याच नाहीत. ज्या बारीकसारीक गोष्टींची जाहिरातही कोणी केली नाही, त्यांनीच लोकांचं काम अडवलं किंवा भागवलं.

व्हिडिओ सीडीचं, म्हणजे व्हीसीडीचं, मानक १९९३ चं. फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी ते मिळून ठरवलं आणि ‘व्हाइट बुक’ म्हणून प्रसिद्ध केलं. चकती गाण्यांच्या सीडीचीच, त्यावर एमपेग-१ पद्धतीनं दाबून बसवलेलं चित्र. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ते ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं आणि सेकंदाला २५ फ्रेमचं. एका चकतीत साधारण ७४ मिनिटं मावायची, म्हणून हिंदी सिनेमा दोन चकत्यांत यायचा, लांबला तर तीन. अमेरिकेत या प्रकाराला कोणी फारसं विचारलं नाही. चीन, आग्नेय आशिया आणि भारतात मात्र त्याचं राज्य झालं, कारण चकती छापायला स्वस्त आणि प्लेअरही स्वस्त. कापसाचे चुकारे हाती आले की टीव्हीच्या जोडीला ‘सीडी’ घ्यायची, असा खरेदीचा क्रम वऱ्हाडात बरीच वर्षं होता. ‘सीडी’ म्हणजे यंत्रही आणि चकतीही. ज्यांच्याकडे नव्हतं ते टीव्ही-सीडी रात्रीपुरती भाड्यानं आणत. भारनियमनाच्या काळात सोबत जनरेटरही.

विजेचा मुद्दा जरा सविस्तर सांगायला हवा. कृषिपंप चालू झाले की गावातला दाब पडतो, बल्ब पिवळा होतो, जुन्या टीव्हीचं चित्र चारी बाजूंनी आक्रसतं. प्लेअर मात्र चालत राही. त्यातला एसएमपीएस म्हणजे स्विचिंगचा वीजपुरवठा मुळात शंभर ते दोनशे चाळीस व्होल्टच्या पट्ट्यात चालण्यासाठी बनवलेला असे, जेणेकरून एकच माल जगभर विकता यावा. कारखानदाराची ही सोय इथल्या फीडरवर परस्पर कामी आली. लाइन पूर्ण गेली तर मात्र ट्रे उघडत नसे. भाड्याची चकती आत आणि दुकानदार बाहेर उभा, हा प्रसंग बऱ्याच घरांत होऊन गेला असेल.

डीव्हीडीचा जन्म भांडणातून झाला. एकीकडे सोनी-फिलिप्स, दुसरीकडे तोशिबा आणि टाइम वॉर्नर, अशा दोन वेगळ्या चकत्या बाजारात येऊ घातल्या होत्या. संगणक कंपन्यांनी, त्यातही आयबीएमनं, आम्हाला एकच चकती हवी असा धोशा लावला आणि १९९५ मध्ये तडजोड झाली. एका थरात ४.७ जीबी मावणारी डीव्हीडी नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात आणि १९९७ मध्ये अमेरिकेत विक्रीला आली. सिनेमा कंपन्यांनी तिच्यावर विभागांचं कुंपण घातलं. एका विभागाची चकती दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालू नये म्हणून जगाचे सहा विभाग केले, त्यात भारत पाचवा. आधी संगणकातल्या ड्राइव्हमध्ये विभागाची तपासणी सॉफ्टवेअरवर सोडता येत होती. १ जानेवारी २००० पासून ती हार्डवेअरमध्येच बसवणं सक्तीचं झालं. ग्राहकाला विभाग पाच वेळा बदलता येई, नंतर कुलूप कायमचं.

नियम कडक होता, पण साप्ताहिक बाजारात मिळणाऱ्या स्वस्त चिनी प्लेअरला त्याचं सोयरसुतक नव्हतं. रिमोटची ठरावीक बटणं दाबली की छुपा मेनू उघडे आणि विभाग शून्य करता येई, म्हणजे कुठल्याही विभागाची चकती चाले. शिवाय हिंदी सिनेमाच्या बऱ्याच डीव्हीडी मुळातच सर्व विभागांत चालणाऱ्या असत. २००७ मध्ये मोझर बेअर या चकत्या बनवणाऱ्या भारतीय कंपनीनं २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली. पुढे डीव्हीडी प्लेअरला यूएसबीचं तोंड आलं आणि चकतीची गरजच ओसरू लागली.

आता लग्नाच्या सीडीकडे येऊ. ती छापलेली नसते, स्टुडिओवाल्यानं संगणकावर जाळून केलेली असते. अशा सीडीआरमध्ये रंगाचा थर असतो आणि तो सीडीच्या ७८० नॅनोमीटरच्या लेझरसाठी जुळवलेला असतो. डीव्हीडीचा लेझर ६५० नॅनोमीटरचा. तो या रंगात बहुतेक शोषला जातो, परत फिरत नाही. म्हणून एकच लेझर असलेले सुरुवातीचे महागडे डीव्हीडी प्लेअर सीडीआर पाहून ‘नो डिस्क’ म्हणत, आणि शेजारचा साधा व्हीसीडी प्लेअर तीच चकती बिनबोभाट लावी. डीव्हीडीच्या मानकात सीडीआर वाचण्याची सक्तीच नव्हती. दोन लेझर बसवणं कारखानदारांनी बाजाराकडे बघून सुरू केलं. त्यात पुढे डीव्हीडीचेही प्लस आणि मायनस असे दोन जाळायचे प्रकार झाले. मायनस हा डीव्हीडी फोरमचा, म्हणजे डीव्हीडीचं मानक सांभाळणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेचा, प्लस सोनी-फिलिप्स-एचपी वगैरेंच्या वेगळ्या गटाचा. शिवाय चकती जाळून ‘फायनलाइज’, म्हणजे दुसऱ्या प्लेअरवर चालण्यासाठी शेवटी बंद, करायची राहिली तर ती स्टुडिओत चाले आणि नवऱ्या मुलाच्या घरी अडे. मेकॅनिककडे नेल्यावर ‘लेन्स गेली’ हे निदान तयारच. लेन्स खरंच जाते, धूळ आणि उन्हाळा तिला सोडत नाही, पण यातल्या कित्येक लेन्सा निर्दोष असाव्यात असा माझा संशय आहे.

ज्या मुदतींची जगभर चर्चा झाली त्या ब्लू-रेच्या, म्हणजे डीव्हीडीनंतर आलेल्या एचडी (जास्त बारकाव्याच्या) चित्राच्या चकतीच्या. पहिला ब्लू-रे प्लेअर अमेरिकेत जून २००६ मध्ये आला, पण घाईनं. मानकातल्या काही सोयी बसवायला कंपन्यांना सवलत दिली होती. चित्रावर दुसरं छोटं चित्र दाखवायला दुसरा डीकोडर आणि किमान २५६ एमबी साठवण, म्हणजे ‘प्रोफाइल १.१’, सक्तीची करण्याची तारीख एकदा पुढे ढकलली आणि अखेर १ नोव्हेंबर २००७ ठरली. तीही त्यानंतर बाजारात उतरणाऱ्या नव्या मॉडेलांपुरती. आधीची मॉडेलं विकायला मोकळीक. इंटरनेट जोडणी आणि एक जीबी साठवणीचं ‘प्रोफाइल २.०’ तर ऐच्छिकच राहिलं. ब्लू-रेची प्रतिस्पर्धी असलेल्या तोशिबाच्या एचडी डीव्हीडीत यातलं बरंचसं पहिल्या दिवसापासून सक्तीचं होतं. तरी १९ फेब्रुवारी २००८ रोजी हार तोशिबानंच मानली, कारण सिनेमा स्टुडिओ ब्लू-रेकडे गेले.

दुसरी मुदत ॲनालॉग जोडणीची. चोरीच्या भीतीनं ब्लू-रेच्या कुलपाची, म्हणजे एएसीएसची, अट आली: २०१० संपल्यानंतरच्या नव्या प्लेअरनं ॲनालॉग वाटेनं एचडी चित्र सोडायचं नाही, आणि २०१३ संपल्यावर त्या वाटेनं ब्लू-रेचं चित्रच द्यायचं नाही. म्हणजे पिवळी पिन बाद, फक्त एचडीएमआय ही डिजिटल जोडणी. त्या वेळी इथल्या कित्येक घरांत डब्बा टीव्ही होता, त्याला पिवळी-पांढरी-लाल पिन हाच एकमेव आधार, आणि तीही डिशच्या बॉक्सनं अडवलेली. ब्लू-रे गावात आलाच नाही, त्यामुळे हा बदल कोणाला जाणवलाही नाही. साध्या डीव्हीडीला ती अट नव्हती.

भारत सरकारचीही एक मुदत होती. २०१२ च्या आदेशानं काही इलेक्ट्रॉनिक वस्तूंना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची केली. एप्रिल २०१३ ची तारीख जुलैवर गेली. यादीत डिस्क प्लेअर होते, पण २०० वॉट किंवा त्याहून जास्त वीज घेणारे, अंगभूत ॲम्प्लिफायर असलेले. घरचा छोटा प्लेअर त्याच्या कितीतरी खाली, म्हणून त्यातून सुटला. शॉक आणि आगीपासून सुरक्षा हा त्या नियमाचा विषय, आणि टिनाच्या घरात उघड्या वायरीवर चालणाऱ्या छोट्या प्लेअरलाच त्याची गरज जास्त होती.

आता कारखानेच बंद होताहेत. सॅमसंगनं २०१९ मध्ये अमेरिकेच्या बाजारात नवे ब्लू-रे प्लेअर काढणं थांबवलं. सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे चकत्यांचं उत्पादन बंद केलं. त्यामुळे स्टुडिओवाल्याचा जुना संगणक आणि त्यातला ड्राइव्ह हाच काय तो आधार. तिथंही १९९३ चं मानक आडवं येतं. चित्रासाठी जास्त जागा मिळावी म्हणून व्हीसीडीत चूक-दुरुस्तीचा एक थर मुद्दाम वगळलेला आहे. प्लेअर ओरखड्यावरून दोन-चार चौकोन दाखवून पुढे सरकतो. संगणक मात्र ‘एमपेगएव्ही’ फोल्डरमधली डॅट फाइल कॉपी करताना त्याच ओरखड्यावर थबकतो आणि सगळी कॉपी रद्द करतो. खराब भाग वगळून पुढे जाणारं सॉफ्टवेअर वापरलं तर बहुतेक लग्नं वाचतात, एखाद-दुसरी मंगलाष्टक सोडून.