काढ्याची परीक्षा: डोळ्यांचे जिवाणू आणि वनौषधी

रांजणवाडी, डोळे येणे, खुपऱ्या यांवर वनस्पतींचा रस किंवा काढा वापरण्याची रीत फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग मोजले आहेत. दारुहळदीचा काढा आटवून केलेले रसांजन नेत्रोपचारांत आजही येते. पण काढा कोणत्या जंतूला मारतो, हे विचारण्याआधी जंतू दिसायला हवे होते. १८७९ मध्ये जर्मन वैद्य नायसर यांनी परम्याचा जंतू शोधला. नवजात बाळांचे डोळे तोही बिघडवतो. १८८३ मध्ये इजिप्तमध्ये कॉख यांना डोळे आलेल्या रुग्णांत बारीक दंडाणू दिसले. खुपऱ्यांचा जंतू क्लॅमिडिया मात्र जिवंत पेशीतच वाढतो. तो १९५७ साली चीनमध्ये अंड्याच्या बलकात वाढवला गेला. अगारवरची, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमावरची, कोणतीही चाचणी त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही.

वनौषधींसाठी सर्वाधिक वापरली जाणारी चकती-पद्धत १९६६ मध्ये बाउअर, कर्बी आणि सहकाऱ्यांनी प्रमाणित केली, तीही शुद्ध प्रतिजैविकांसाठी. ४ मिलिमीटर जाडीच्या म्युलर-हिंटन अगारवर ०.५ मॅकफारलँड गढूळपणाचे, म्हणजे मिलिलिटरला सुमारे १.५ × १०⁸ जिवाणूंचे द्रावण पसरायचे, औषध भिजवलेली ६ मिलिमीटरची चकती ठेवायची आणि ३५ अंशांवर १६ ते १८ तासांनी तिच्याभोवतीचे जिवाणू न वाढलेले वलय मोजायचे. गडबड अर्काच्या स्वभावात आहे. तेलकट घटक अगारमधून पसरतच नाहीत, म्हणून प्रभावी औषधाचे वलयही लहान येते. दोन वनस्पतींची वलये मिलिमीटरमध्ये मोजून एकीला सरस ठरवणे आम्हाला मुळीच पटत नाही.

त्यापेक्षा ९६ खाचांच्या पट्टीत अर्क दर खाचेत निम्मा करत न्यावा, मिलिलिटरला ५ × १०⁵ जिवाणू घालावेत आणि वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा पाहावी. विरघळवण्यासाठी वापरलेले डीएमएसओ हे द्रावक १ टक्क्याच्या आत ठेवून नुसत्या द्रावकाचीही एक रांग लावावीच. अर्काचा रंग आणि टॅनिन या तुरट द्रव्यामुळे बसणारा गाळ गढूळपणाच्या मोजणीला चकवतात, म्हणून शेवटी खाचेतला थेंब ताज्या अगारवर टाकून जिवंत जिवाणू मोजावेत. डोळे बिघडवणाऱ्या जिवाणूंपैकी न्यूमोकोकसला रक्त लागते, हिमोफिलसला खास पोषक माध्यम. साध्या अगारवर ते वाढले नाहीत, तर ते औषधाचे यश नव्हे.

मिश्रणाचे महत्त्व दोन उदाहरणांतून कळते. दारुहळदीतले बर्बेरिन हे जंतुरोधक द्रव्य स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू पंपासारख्या यंत्रणेने आपल्या पेशीबाहेर फेकतो. २००० साली दारुहळदीच्याच बर्बेरिस कुळातल्या वनस्पतींत हा पंप रोखणारा दुसरा घटक सापडला. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाने दहाव्या शतकातल्या हस्तलिखितातला डोळ्याचा लेप पुन्हा बनवला: लसूण, कांदा किंवा लीक, वाइन आणि बैलाचे पित्त, नऊ दिवस मुरवलेले. पूर्ण मिश्रणाने स्टॅफिलोकोकस मारले. सुटे घटक तितके चालले नाहीत.

तरीही पट्टीतले यश थेट डोळ्यात टाकता येत नाही. अश्रू औषध काही मिनिटांत धुऊन नेतात, पित्त आणि टॅनिन बुबुळावरच्या पडद्याला झोंबू शकतात, आणि घरी केलेल्या काढ्यात डोळ्याला घातक असा स्यूडोमोनास जिवाणू सहज वाढतो. निर्जंतुक करावे, तर उष्णतेने लसणातले जंतुनाशक द्रव्य अॅलिसिन मोडते. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळले, तर तेलकट घटक आणि गाळ वर राहतात. म्हणून चाचणी नेहमी गाळल्यानंतरच्या द्रवाचीच करावी, कारण डोळ्यात तोच जाणार असतो.