हँडहेल्डवरील गेम सबस्क्रिप्शन (बेळगाव सीमाभाग)

हातात धरून खेळायच्या यंत्रावर एकेक गेम विकत न घेता, महिन्याला किंवा वर्षाला ठरावीक रक्कम भरून सेवेच्या साठ्यातला हवा तो गेम खेळण्याची पद्धत. छापील मराठीत हिला ‘सदस्यता’ म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे बोलताना सहसा कुणी तसे म्हणत नाही. तिथे मोबाइलच्या रिचार्जची भाषा चालते, म्हणजे पॅक मारायचा आणि पॅक संपायचा. अर्थाने सर्वांत जवळचा शब्द ‘वर्गणी’, पण तो उच्चारला की गल्लीतल्या गणेश मंडळाचे पावतीपुस्तकच डोळ्यांसमोर येते.

व्यवहार मात्र वाचनालयासारखा आहे. वर्गणी चालू तोवर कपाट उघडे, थकली की बंद. फरक एवढाच, की घरी आणलेले पुस्तक वर्गणी संपली म्हणून आपली पाने मिटून घेत नाही. इथे शंभर जीबी जागा अडवून बसलेला गेम दुसऱ्या दिवशी उघडायला नकार देतो. पैसे भरून मिळतो तो गेम नव्हे, तो उघडण्याची परवानगी. या सेवांचे पुढचे सगळे गुणदोष त्यातूनच निघतात.

सध्याच्या रूपातली मोठी सेवा म्हणजे मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स गेम पास. ती जून २०१७ मध्ये आधी टीव्हीला जोडायच्या कन्सोलसाठी आली, संगणकावर नंतर पोचली. सोनीने २०२२ मध्ये आपल्या प्लेस्टेशन प्लस सेवेचे तीन स्तर केले. निन्टेन्डोच्या स्विचवर सप्टेंबर २०१८ पासून पैसे भरून घ्यायची ऑनलाइन सेवा आहे. मोबाइलवर ॲपल आर्केड २०१९ मध्ये सुरू झाली. गुगल प्ले पास भारतात फेब्रुवारी २०२२ मध्ये आली तेव्हा तिचा दर महिना ९९ रुपये आणि वर्षाला ८८९ रुपये होता. या शेवटच्या दोघींना गेमिंगच्या गप्पांत फारसा मान नसतो. वास्तविक सीमाभागातला सर्वसामान्य हँडहेल्ड म्हणजे खिशातला मोबाइलच, आणि जाहिराती नसलेले गेम महिना शंभराच्या आत मिळणे ही धाकट्या भावंडांच्या घरात लहान सोय नाही.

खास खेळण्यासाठी केलेल्या यंत्रांची गोष्ट वेगळी. वॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आला, पण कंपनी तो भारतात अधिकृतपणे विकत नाही. इथे येतो तो परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून किंवा मोठ्या शहरांतल्या आयात करणाऱ्या दुकानांतून, साहजिकच कंपनीच्या वॉरंटीशिवाय. असूसचा आरओजी अलाय जुलै २०२३ मध्ये ६९,९९० रुपयांना भारतात अधिकृतपणे आला. सोनीचा प्लेस्टेशन पोर्टल डिसेंबर २०२४ मध्ये १८,९९० रुपयांना मिळू लागला. किंमत पाहून पोर्टल स्वस्त वाटतो, पण तो मूळचा स्वतंत्र यंत्र नाहीच: घरातल्या पीएस ५ या सोनीच्या कन्सोलवर चालणारा गेम वायफायवरून दाखवणारा तो पडदा. पीएस ५ नसलेल्याने तो हौसेने घेतला तर शोकेसमध्येच ठेवावा लागेल.

घेणाऱ्याची खरी फसगत होते ती स्टीम डेक आणि गेम पास यांच्या जोडीत. डेकवर विंडोजऐवजी लिनक्सवर आधारित स्टीमओएस ही कार्यप्रणाली असते आणि संगणकावरची गेम पास विंडोजला बांधलेली. त्यामुळे डेकवर गेम पासचा गेम थेट उतरवता येत नाही. एक तर डेकवर विंडोज टाकायचे, नाहीतर ब्राउझर उघडून क्लाउडवरून, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर चालणारा गेम इंटरनेटवरून खेळायचा. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२२ मध्ये एज ब्राउझरसाठी तशी कृतीही दिली होती, मात्र त्या वेळी भारतात क्लाउड गेमिंगच नव्हते. ते नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. अलाय आणि लेनोवोचा विंडोजवरचा लीजन गो यांना ही अडचण नाही. त्यांची अडचण म्हणजे विंडोज: लहानशा पडद्यावर बोटाने बारीक खुणा दाबत बसायचे आणि ऐन रंगात अपडेटची सूचना यायची.

खेळण्याच्या वाटा दोन आहेत: गेम यंत्रात उतरवून घेणे, किंवा दूरच्या सर्व्हरवर चालवून त्याचे नुसते चित्र मागवणे. बेळगाव परिसरात कोणती वाट धरावी हे आवडीपेक्षा पत्त्यावर ठरते.

टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ अशा शहरी भागात घराघरांत फायबर आहे. शंभर एमबीपीएसच्या जोडणीवर शंभर जीबीचा गेम हिशेबाने सव्वादोन तासांत उतरतो. चाळीसच्या जोडणीवर साडेपाच तास लागतात, म्हणजे रात्री लावून झोपायचे. एकदा उतरला की पुढे इंटरनेटशिवायही खेळता येतो, मात्र काही अटींवर. ज्या संगणकावर ऑफलाइन खेळायचे त्याची नोंद खात्यात आधी करावी लागते, आणि सदस्यता जिवंत आहे की नाही हे पडताळायला साधारण तीस दिवसांत एकदा इंटरनेटला जोडावे लागते. नवा उतरवलेला गेम घरीच एकदा उघडून पाहणे शहाणपणाचे. लोंढ्याच्या पुढे गाडी कॅसलरॉककडे वळली आणि घाट लागला की नेटवर्क जाते, आणि पहिल्यांदा उघडणाऱ्या गेमला नेमके तेव्हाच लॉगिन हवे असते. गोव्याला चाललेल्या गाडीत पडद्यावर गोल फिरणारी खूण बघत बसण्यापेक्षा मग दूधसागर बघितलेला बरा.

क्लाउडचा हिशेब निराळा. यंत्रावर भार कमी, साठवणीची जागा लागत नाही, बॅटरीही जास्त पुरते. पहिल्या अलायची बॅटरी ४० वॉट-तासांची. यंत्र एकूण पंचवीस वॉट खाऊ लागले तर ती जेमतेम दीड तास टिकते. क्लाउडवर तेच यंत्र फक्त व्हिडिओ दाखवत असल्याने बॅटरी कितीतरी अधिक चालते. पण डेटा? एक्सबॉक्सची शिफारस मोबाइलला दहा आणि संगणकाला वीस एमबीपीएसची आहे. दहाने सलग खेळले तर तासाला साडेचार जीबी, वीसने नऊ जीबी. रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर हा खेळ अर्ध्या तासाच्या आतच आटोपतो, आणि मग घरातून विचारणा होते, “नेट कुणी संपवलं रे?”

वेगापेक्षा जास्त छळतो तो विलंब. बटण दाबल्याचा निरोप सर्व्हरपर्यंत जायचा, चित्र परत यायचे. सेकंदाला साठ चित्रांच्या गेममध्ये एका चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे पाचशे किलोमीटरवरच्या शहरापर्यंत जाऊन येण्यास पाचच मिलिसेकंद लागतात. तेव्हा दोष अंतराचा कमी असतो. मधली वळणे, गर्दीचा टॉवर आणि घरातला जुना राउटर मिळून खोळंबा करतात. ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर, राउटरच्याच खोलीत बसून फरक लगेच जाणवतो. कोडी आणि पत्त्यांचे गेम थोडा विलंब खपवून घेतात. क्रिकेट आणि मारामारीचे घेत नाहीत. चेंडू यष्टीवर आदळल्यावर बॅट फिरते.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात क्लाउडचा विचार न केलेला बरा. पावसाळ्यात तिथे वीज आणि टॉवर दोन्हींचा भरवसा नसतो. गणपतीला पुण्याहून, बेंगळुरूहून गावी येणाऱ्यांनी गेम आधीच उतरवून आणावेत. भाचरांपुढे “नेटच यीना झालंय” म्हणण्याची पाळी येणार नाही.

सीमेची एक गंमत इथेच सांगायला हवी. दूरसंचाराच्या नकाशावर बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये येते, तर पलीकडचे कागल आणि चोर्ला घाटापलीकडचा गोवा हे दोन्ही महाराष्ट्र सर्कलमध्ये. निपाणीपुढे कोगनोळी नाक्याच्या आसपास मोबाइल एका राज्याचा टॉवर सोडून दुसऱ्याचा धरतो. रोमिंगचे जादा पैसे आता पडत नाहीत, त्यामुळे बोलणाऱ्याला ते कळतही नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर क्लाउडचा गेम खेळणाऱ्याला मात्र कळू शकते, कारण चित्र थिजते आणि कधी खेळच तुटतो. १९५६ पासून ज्या रेषेवर एवढे बोलले गेले, ती रेषा अशीही जाणवते.

सबस्क्रिप्शन सेवांना स्वतःला ही रेषा दिसत नाही. गावाचे नाव बेळगाव की २०१४ पासूनचे बेळगावी, याच्याशी त्यांना देणेघेणे नाही. त्यांना दिसतो देश. खाते ज्या देशाचे, त्याप्रमाणे दर आणि गेमांची यादी ठरते. प्लेस्टेशन प्लसचा क्लाउड असलेला प्रीमियम स्तर भारतीय खात्याला मिळत नाही. त्याऐवजी डीलक्स मिळतो. काही जण त्यासाठी परदेशी खाते काढतात, पण मग पैसे भरताना इथले कार्ड अडते आणि गिफ्ट कार्डांची खटपट मागे लागते.

पैशाच्या बाजूने रिझर्व्ह बँकेचा नियम ग्राहकाच्या उपयोगाचा आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान चोवीस तास आधी यावी लागते. १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही. गेमची रक्कम त्याच्या कितीतरी खाली असते, म्हणून ती मुकाट्याने जात राहते. वडिलांच्या यूपीआयवर ऑटोपे लावून ठेवलेल्या मुलाने ही सूचना कोणाच्या मोबाइलवर येते हे ध्यानात ठेवावे.

‘ऑनलाइन गेमिंग बंद झाले ना?’ ही शंका या भागात वारंवार ऐकू येते, आणि तिला कारण आहे. कर्नाटकाने २०२१ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यातल्या मुख्य तरतुदी रद्द ठरवल्या. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा झाला, तोही डावावर पैसे लावण्याविरुद्ध. या कायद्यात सबस्क्रिप्शनचे शुल्क भरून खेळायच्या सामाजिक खेळांना वेगळे काढले आहे, ते शुल्क पैजेच्या स्वरूपाचे नसले म्हणजे झाले. गेम पासची वर्गणी आणि रमीचा डाव यांची गल्लत करू नये.

साठ्यातले गेम कायमचे नसतात. प्रकाशकाशी असलेला करार संपला की गेम यादीतून जातो, कधी परतही येतो. जीटीए ५ गेम पासमध्ये असा अनेकदा येऊन-जाऊन आहे. जाण्याआधी सदस्यांना तो सवलतीत विकत घेता येतो. मात्र घ्यायचा तर मायक्रोसॉफ्टच्याच दुकानातून घ्यावा. तोच गेम स्टीमवर, म्हणजे वॉल्व्हच्या ऑनलाइन दुकानात घेतला तर पुष्कळदा जुनी प्रगती तिकडे जात नाही आणि साठ तासांचा खेळ पुन्हा पहिल्या पायरीपासून मांडावा लागतो.