चार जीबीची भिंत आणि तिजोरीतली किल्ली

लग्नसराईत माझ्या भुसावळच्या दुकानात एक तक्रार हमखास येते. गेल्या उन्हाळ्यात अमळनेरचा एक व्हिडिओवाला आला. हातात ३२ जीबीचा कोरा पेनड्राइव्ह आणि नवरीच्या वडिलांना द्यायची सहा जीबीची फाइल. कॉपी करायला गेलं की, फाइल फार मोठी आहे, असा संदेश. "भाऊ, जागा ते शे ना!" तो म्हणाला. जागा होतीच. फाइलच्या आकाराचा आकडा लिहायला रकाना पुरत नव्हता.

पेनड्राइव्ह फॅट३२ या फाइल सिस्टिमचा होता. फाइल सिस्टिम म्हणजे कुठली फाइल कुठे आहे, केवढी आहे, याची डिस्कवरची वही. मूळ फॅट १९७७ साली मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनाल्ड यांनी फ्लॉपीसाठी लिहिली. पुढे मायक्रोसॉफ्टच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रत्येक फाइलची नोंद ३२ बाइटची झाली आणि त्यात आकारासाठी चार बाइट राखले गेले. चार बाइटमध्ये ४,२९,४९,६७,२९५ पेक्षा मोठा आकडा मावत नाही, म्हणजे फाइल चार जीबीच्या आतच हवी. १९८१ साली फ्लॉपी होती १६० किलोबाइटची, तेव्हा हा रकाना अफाटच वाटला असणार. १९९६ मध्ये फॅट३२ आली, डिस्कची मर्यादा वाढली, पण हा रकाना तसाच राहिला.

प्रत्येक फाइल सिस्टिमची वही अशी वेगळी. मग कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, सगळ्या वह्या पाठ करायच्या का? सुरुवातीच्या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एकच वही होती, म्हणून प्रश्न नव्हता. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीला मात्र आपल्या डिस्कवरच्या फाइल्स आणि नेटवर्कपलीकडच्या फाइल्स एकाच तऱ्हेने उघडायच्या होत्या. १९८५ च्या सुमारास तिथल्या स्टीव्ह क्लायमन यांनी व्हीनोड नावाची रचना मांडली. कर्नल फक्त म्हणतो, उघड, वाच, लिही, नाव शोध. ही कामं कशी करायची, ते सांगणारा फंक्शनांच्या पत्त्यांचा तक्ता प्रत्येक फाइल सिस्टिम स्वतः देते. माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर कल्पना हीच.

लिनक्स या युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमने तीच वाट धरली. १९९१ मध्ये त्याच्याकडे फक्त मिनिक्स या दुसऱ्या एका ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल सिस्टिम होती. ६४ मेगाबाइटची मर्यादा आणि १४ अक्षरांची नावं. १९९२ मध्ये रेमी कार्ड यांची एक्स्ट ही फाइल सिस्टिम आली, ती लिनक्समधल्या अशा मधल्या थराच्या, व्हीएफएसच्या, आधारावर. पुढच्या वर्षी एक्स्ट२. माउंट करताना, म्हणजे डिस्क वापरासाठी जोडून घेताना, कर्नल एक्स्ट२ ची ओळख कशी पटवतो, ते बघण्यासारखं आहे. सुरुवातीचे १०२४ बाइट सोडले की सुपरब्लॉक, म्हणजे वहीचं पहिलं पान, लागतो, त्यात ईएफ५३ हा ठरलेला आकडा आहे का, ते तपासायचं. नसेल तर माउंट नाकारायचं.

आता ड्रायव्हर, म्हणजे डिस्कसारख्या उपकरणांशी बोलणारे प्रोग्राम. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत ते आतच बांधलेले होते. १९८३ च्या डॉस २.० मध्ये कॉन्फिग डॉट सिस या फाइलीत एक ओळ लिहून बाहेरचा ड्रायव्हर चढवता येऊ लागला. लिनक्समध्ये १९९५ च्या १.२ आवृत्तीत चालू कर्नलमध्ये मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरसारखे सुटे भाग, घालण्या-काढण्याची सोय होती. एवढं झालं तरी एक गाठ उरतेच: डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा आणि तो ड्रायव्हर डिस्कवरच. तिजोरीची किल्ली तिजोरीत.

ही गाठ मी हातांनी अनुभवली आहे. साटा जोडणीच्या डिस्कचे लॅपटॉप नवे होते, तेव्हा विंडोज एक्सपी टाकायला घेतली की सेटअप सांगायचा, डिस्कच सापडत नाही. एक्सपी २००१ ची, तिच्या सीडीत एएचसीआयचा, म्हणजे साटा डिस्कशी बोलायच्या नव्या पद्धतीचा, ड्रायव्हर नव्हता. एफ६ दाबून बाहेरचा ड्रायव्हर देता येई, पण तो फ्लॉपीवरूनच, आणि लॅपटॉपला फ्लॉपी नव्हती! शेवटी बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताच धावणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये, जाऊन साटा मोड आयडीई या जुन्या पद्धतीवर आणायचा, मग काम पुढे सरकायचं. नंतर कुणी तो मोड परत एएचसीआयवर नेला, की निळा पडदा आणि ७बी चा कोड.

लिनक्सने ही गाठ इनिटआरडीने सोडवली. बूटलोडर, म्हणजे सुरुवातीला कर्नल मेमरीत आणणारा प्रोग्राम, कर्नलबरोबर एक छोटी तात्पुरती डिस्कही थेट मेमरीत आणून ठेवतो. बूटलोडर बायोसच्या मदतीने वाचतो, म्हणून त्याला कर्नलचा ड्रायव्हर लागत नाही. त्या छोट्या डिस्कमधून हवे ते मॉड्यूल चढतात आणि मग खरी डिस्क माउंट होते. विंडोजमध्ये बूटला लागणारे ड्रायव्हर लोडर आधीच मेमरीत आणतो. वर सांगितलेला निळा पडदा येतो तो नेमका हवा तो ड्रायव्हर त्या यादीत नसल्यामुळे.

अमळनेरच्या त्या भावाचा पेनड्राइव्ह मी एक्सफॅटने फॉरमॅट करून दिला. ही २००६ ची, तिच्यात आकाराला आठ बाइट आहेत. फाइल गेली. चौथ्या दिवशी फोन आला: नवरीच्या घरच्या जुन्या टीव्हीला पेनड्राइव्ह दिसतच नाही. त्या टीव्हीच्या कर्नलमध्ये एक्सफॅटचा तक्ता नव्हता. मग पुन्हा फॅट३२ केली आणि व्हिडिओचे दोन तुकडे केले, हळदीपर्यंत एक आणि लग्नाचा दुसरा.