कुत्र्याच्या पिल्लाचं पोट बिघडणं

पातळ संडास, उलटी, पोट फुगणं, खाणं सोडणं यातलं काहीही पिल्लाला झालं की पोट बिघडलं म्हणायचं, सांगली-तासगावकडं सरळ "पिल्लू हगवणीला लागलंय" म्हणतात. मोठं कुत्रं एखादा दिवस उपाशी राहून आपलं आपण बरं होतं, पिल्लाचं तसं नाही, त्याच्या अंगात पाण्याचा आणि साखरेचा साठाच कमी, त्यामुळं सकाळी नुसतं पातळ करणारं पिल्लू संध्याकाळी मान टाकतं.

बऱ्याचदा कारण दूधच निघतं. पिल्लू महिन्याचंही नसताना आईपासून उचलून आणतात आणि वाटीभर म्हशीचं दूध नाहीतर दूध-चपाती पुढ्यात ठेवतात, प्रेमानंच ठेवतात, पण त्यात कुत्रीच्या दुधापेक्षा लॅक्टोज (दुधातली साखर) जास्त असतं, ते पचत नाही आणि आतड्यात पाणी ओढून घेतं. खाणं एकदम बदललं तरी तेच होतं, म्हणून नवीन खाणं 5-7 दिवसांत थोडं थोडं मिसळत आणायचं.

दुसरं कारण जंत. गोल जंत आईच्या गर्भातच पिल्लात येतात, नंतर दुधातूनही येतात, तेव्हा "आमचं पिल्लू बाहेर गेलंच नाही, जंत कुठनं होणार" याला अर्थ नाही. पाय काडीसारखे, पोट नगाऱ्यासारखं, आणि कधी उलटीत शेवयांसारखे पांढरे जंत वळवळताना दिसतात. जंताचं औषध पिल्लू 2 आठवड्यांचं असल्यापासून दर 2 आठवड्यांनी देतात, डोस वजनावर ठरतो, अंदाजानं द्यायचा नाही.

खरी भीती पार्वोची. हा विषाणू 1978 च्या सुमारास जगभर पसरला. लागण झाल्यावर साधारण 3 ते 7 दिवसांत उलट्या, मग रक्ताची, उग्र वासाची हगवण. विषाणूवर थेट औषध असं सहसा हातात नसतं, सलाईन आणि उलटी थांबवणं यावरच पिल्लू तगतं, म्हणून वेळ महत्त्वाची. ओठ उचलून हिरडी बघायची, गुलाबी-ओली असेल तर ठीक, पांढरी किंवा चिकट असेल तर लगेच दवाखाना. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती झटकन बसली नाही तर अंगातलं पाणी कमी झालंय. आमच्या एका पिल्लाला ताक-भात देत आम्ही दीड दिवस घालवला, हिरडी बघायची असते हेच माहीत नव्हतं, ते अजून टोचतं.

पिल्लू खेळतंय, उलटी नाही, रक्त नाही, तर दूध बंद करून मऊ भात आणि बिनमिठाचं, बिनकांद्याचं उकडलेलं चिकन थोडं थोडं, दिवसातून 4-5 वेळा द्यावं, पाणी कायम पुढ्यात. एका दिवसात फरक नाही तर डॉक्टर. माणसाची क्रोसिन, ब्रुफेन, जुलाबाची गोळी अजिबात नको.

तासगाव भागात पिल्लाला एका गोष्टीपासून जास्त जपावं लागतं, ती म्हणजे बेदाणा. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडनीला विषासारखे बाधतात, किती खाल्ल्यावर बाधेल ते सांगता येत नाही, आणि सुरुवात साध्या उलटी-जुलाबासारखीच दिसते. बेदाण्याच्या शेडवर पिल्लू मोकळं सोडू नये, आणि खाल्लंय असं वाटलं तर लक्षणांची वाट न बघता दवाखान्यात न्यावं.

पार्वोची लस 6-8 आठवड्यांपासून सुरू करून दर 3-4 आठवड्यांनी, 16 आठवड्यांचं होईपर्यंत देतात. हा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, फिनाईलला दाद देत नाही, फरशी ब्लीचच्या पाण्यानं धुवावी लागते, आणि ज्या अंगणात पार्वोनं पिल्लू गेलंय तिथं पुढचं पिल्लू लसी पूर्ण झालेलंच आणावं.